पीच-प्लमच्या पानांवर दरवर्षी उमटणारी वलये: विषाणू आहे का, आणि असल्यास कोणता, हे ठरवण्याचा क्रम

एप्रिल उजाडला की पीच, प्लम, जर्दाळू आणि चेरीच्या पानांचे फोटो येऊ लागतात आणि प्रत्येकासोबत एकच प्रश्न असतो: हा व्हायरस आहे ना? हिमाचलातील बागा आणि रोपवाटिकांमधून येणारे नमुने तपासण्याच्या कामात मी बराच काळ आहे, आणि निदानाचा हा घोळ पुन्हा पुन्हा निस्तरावा लागतो. तो दोन्ही बाजूंनी होतो. कुणी नुसत्या पिवळ्या पानावरून विषाणू ठरवून चांगले झाड तोडतो, तर कुणी जूनमध्ये पाठवलेल्या नमुन्याचा 'निगेटिव्ह' अहवाल हातात धरून त्याच झाडाच्या डोळकाड्या (कलमासाठी डोळे घेण्याच्या काड्या) शेकडो रोपांवर भरतो. दुसरा प्रकार कितीतरी महागात पडतो.

पुढील क्रम मुख्यतः थंड प्रदेशातील आठळीच्या फळझाडांसाठी आहे. मात्र हिमाचलातून कलमे मागवून महाराष्ट्रात हौसेने पीच-प्लम लावणाऱ्यांनाही त्यातील पहिल्या दोन पायऱ्या उपयोगी पडाव्यात. त्यांच्याकडच्या बहुतेक तक्रारी तिथेच निकाली निघतात.

कोणती लक्षणे दिसतात

वसंतातील पहिल्या पालवीवर फिकट हिरवी किंवा पिवळी वलये येतात, वलयांचा मधला भाग वाळून गळतो, पान चाळणीसारखे होते आणि त्यानंतरची पालवी मात्र स्वच्छ निघते. ही प्रूनस नेक्रॉटिक रिंगस्पॉट विषाणूची नेहमीची चाल आहे. लागण झाल्यानंतरच्या पहिल्या हंगामात झाडाला जणू धक्का बसतो, आणि पुढील वर्षांत तेच झाड विषाणू अंगात बाळगून निरोगी दिसू लागते.

प्लमच्या पानावर नागमोडी पिवळ्या रेषा किंवा पट्टे दिसले, तर संशय ॲपल मोझॅक विषाणूवर किंवा पुन्हा नेक्रॉटिक रिंगस्पॉटवर जातो. प्लमची पाने अरुंद, जाड, लहान आणि गुच्छासारखी होत असतील, किंवा आंबट चेरीची पाने पिवळी पडून लवकर गळत असतील, तर प्रून ड्वार्फ विषाणू तपासावा लागतो. पीचच्या पानावर गडद हिरवे, किंचित खोलगट ठिपके येणे हे ॲपल क्लोरॉटिक लीफ स्पॉट विषाणूचे लक्षण आहे. नावात सफरचंद असले तरी तो आठळीच्या झाडांत सर्रास आढळतो. चेरीची फळे लहान, टोकदार, फिकट आणि बेचव राहिली, तर लिटल चेरी विषाणू १ किंवा २ असू शकतो. पीचला पालवी उशिरा फुटणे, फळ शिवणीवर तडकणे आणि क्वचित पानावर पांढरे-पिवळे मोठे डाग पडणे हे पीच लेटंट मोझॅक व्हिरॉइडमुळे होते (व्हिरॉइड म्हणजे प्रथिन कवच नसलेला, नुसत्या आरएनएचा रोगकारक). कलमाच्या जोडाजवळची साल काढल्यावर लाकडात खड्डे किंवा तपकिरी रेघ दिसली, तर टोमॅटो रिंगस्पॉट विषाणूसारख्या, सूत्रकृमींवाटे जमिनीतून येणाऱ्या विषाणूंचा विचार करावा लागतो.

प्लम पॉक्स, म्हणजेच शार्का, याचे लक्षण वेगळे काढून सांगायला हवे. पानावर पसरट, कडा धूसर असलेली फिकट वलये आणि शिरांलगतचा फिकटपणा दिसतो, पण खरी खूण फळात असते. जर्दाळू चिरून आठळी हातात घेतली की तिच्या तपकिरी कवचावर फिकट वलये उमटलेली दिसतात. ही वलये दिसली, तर पुढचा क्रम बाजूला ठेवून थेट 'कुठे थांबावे' हा भाग वाचावा.

यात सर्वांत फसवे लक्षण म्हणजे काहीच न दिसणे. लागण झालेली बरीच झाडे वर्षानुवर्षे देखणी राहतात आणि नेमकी तीच मातृवृक्ष म्हणून निवडली जातात.

पहिली पायरी: भिंग, दिनदर्शिका आणि बागेतून एक फेरी

याला खर्च काही येत नाही, म्हणून ही पायरी वगळण्याचा मोह होतो. पण प्रयोगशाळेत येणाऱ्या नमुन्यांपैकी कितीतरी इथेच बाद व्हायला हवे होते.

आधी झाडाकडे नव्हे, बागेकडे पाहावे. लक्षण एखाद्या झाडावर किंवा चार-पाच विखुरलेल्या झाडांवर आहे, की सबंध ओळीत सारखे आहे? विषाणूची लागण सहसा बागेत विखुरलेली दिसते, आणि एकाच झाडातही एखादी फांदी ग्रस्त आणि शेजारची स्वच्छ असते. उलट सबंध ओळ, उताराची एक बाजू किंवा बांधालगतची सगळी झाडे एकाच आठवड्यात पिवळी पडली, तर आधी पाणी, जमीन आणि तणनाशक यांची चौकशी करावी. ग्लायफोसेटचा तुषार उडालेल्या झाडाला पुढच्या वसंतात अरुंद, सुतळीसारखी पाने येतात, आणि ती प्रून ड्वार्फच्या पानांशी इतकी मिळतीजुळती असतात की अनुभवी माणूसही चकतो.

मग पान जवळून पाहावे. पीचचे पान जाड होऊन फुगले, गुलाबी-लालसर झाले आणि काही दिवसांनी त्यावर पांढरट पूड दिसली, तर ते टॅफ्रिना नावाच्या बुरशीमुळे होणारे पर्णगुच्छ आहे, विषाणू नव्हे. पान गुंडाळलेले असेल तर ते उलगडावे. आत मावा, त्याची टाकलेली पांढरी कात आणि चिकटपणा सापडला की प्रश्न मिटला. वसंतात पीचवर येणारा पाने मुरडणारा मावा हेच करतो आणि तो आवरला की पुढची पाने सरळ निघतात.

छिद्रांच्या बाबतीत जरा थांबून पाहावे लागते, कारण विषाणूमुळेही पानाला छिद्रे पडतात आणि 'शॉट होल' बुरशीमुळेही. पान उजेडासमोर धरावे. बुरशीचा डाग सुटा आणि गोल असतो, त्याला जांभळट-लालसर कडा असते, असेच डाग कोवळ्या काड्यांवर आणि फळांवरही सापडतात, आणि प्रत्येक पावसानंतर नवी पाने त्याला बळी पडतात. विषाणूत आधी फिकट वलय किंवा रेघ येते, ती एकमेकांत मिसळते, मग तिचा काही भाग मरून गळतो, आणि छिद्राभोवती त्या फिकट रेघेचा अवशेष शिल्लक राहतो. नंतरच्या पालवीवर पाऊस पडला तरी छिद्रे वाढत नाहीत. झँथोमोनास जिवाणूचे ठिपके शिरांमध्ये कोनाकृती असतात आणि पानाच्या टोकाकडे दाटलेले दिसतात.

अन्नद्रव्यांची कमतरता ओळखणे सर्वांत सोपे आहे, तरी याच ठिकाणी सर्वाधिक गफलत होते. लोहाच्या कमतरतेत कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि त्यांच्यामधला भाग दोन्ही बाजूंना सारखा पिवळा पडतो. विषाणूचा पिवळेपणा असा शिस्तबद्ध नसतो. तो शिरा ओलांडतो आणि पानाच्या दोन अर्ध्या भागांत वेगळा दिसतो. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लावलेल्या पीचबद्दलचे प्रश्न तर जवळजवळ नेहमी याच सदरात मोडतात. खात्री करायची असल्यास झाडाच्या दोन फांद्यांवर अर्धा टक्का फेरस सल्फेट फवारावे आणि दोन फांद्या तशाच सोडाव्यात. फवारलेल्या फांद्या हिरव्या होऊ लागल्या, तर उत्तर मिळाले. जस्तासाठी असाच प्रयोग करताना चिलेटेड जस्त वापरावे, कारण झिंक सल्फेटने पीचचे कोवळे पान करपते आणि मग त्या करपलेल्या पानाचाच फोटो 'नवा व्हायरस' म्हणून पाठवला जातो.

उष्ण भागातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. पीच-प्लमला हिवाळ्यात पुरेसे थंडीचे तास मिळाले नाहीत, तर डोळे उशिरा आणि विस्कळीत फुटतात, शेंड्याला पालवी येते आणि खालची फांदी उघडी राहते. हे व्हिरॉइडचे लक्षण नव्हे, चुकीच्या जातीची निवड आहे.

ही फेरी झाली की ज्या फांदीवर संशय राहिला, तिला रंगाची खूण करावी आणि तारखेसह फोटो काढून ठेवावा. पुढील वसंतात त्याच फांदीवर काय दिसते, हा या सगळ्या क्रमातील सर्वांत स्वस्त आणि बऱ्यापैकी भरवशाचा पुरावा असतो.

दुसरी पायरी: झाडाची वंशावळ

डोळकाडी कोणत्या झाडावरून आणली, ज्यावर डोळा भरला तो खुंट कशाचा आहे आणि त्याचे बी कुठून आले, हे विचारायला एक फोन पुरतो. ही चौकशी महत्त्वाची असण्याचे कारण असे, की या विषाणूंचा प्रवासाचा मार्ग ठरलेला असतो. ॲपल क्लोरॉटिक लीफ स्पॉट विषाणूचा कोणताही वाहक कीटक ज्ञात नाही. तो कलमातून येतो, आणि म्हणून एकाच मातृवृक्षापासून भरलेल्या रोपांमध्ये तो ओळीने सापडतो. नेक्रॉटिक रिंगस्पॉट आणि प्रून ड्वार्फ हे दोघे मात्र कलमाखेरीज परागकणांतून आणि बियांतूनही जातात. त्यामुळे जंगली जर्दाळू म्हणजे चुली, किंवा जंगली पीच यांच्या बियांपासून वाढवलेले खुंट जन्मतःच लागण झालेले असू शकतात, आणि डोळा कितीही शुद्ध भरला तरी रोप ग्रस्त निघते. 'आमची सायन काडी (डोळकाडी) तर प्रमाणित होती' ही तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा खुंटाचे बी कुठले, हे विचारतो.

या पायरीवरून आणखी एक गोष्ट कळते. अनेक वर्षे स्वच्छ असलेल्या जुन्या बागेत फुलोऱ्यानंतरच्या वर्षी नवी लागण दिसू लागली, तर परागकणांवाटे किंवा कीटकांवाटे शिरकाव झाला आहे, असे मानून शेजारची बाग आणि भाड्याने आणलेल्या मधमाश्यांच्या पेट्या यांची माहिती घ्यावी.

ज्यांच्या परसात दोन-चार झाडे आहेत आणि ज्यांना त्यांपासून कलमे करायची नाहीत, त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. विषाणू निश्चित झाला तरी झाड बरे करणारे औषध अस्तित्वात नाही. दुकानात 'व्हायरसवर जालीम' म्हणून जे विकले जाते, ते बहुतेक वेळा सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण असते. झाड हिरवे दिसते आणि विषाणू जिथल्या तिथे राहतो.

तिसरी पायरी: नमुना योग्य वेळी आणि योग्य जागेवरून घेणे

चाचणी महाग म्हणून लोक चाचणीची काळजी करतात. चाचणीचा निकाल मात्र बऱ्याच अंशी नमुना काढतानाच ठरलेला असतो.

विषाणू झाडात सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत भरपूर आणि शेजारच्या फांदीत नावालाही नाही, अशी स्थिती नेहमीची आहे. म्हणून झाडाच्या चारही दिशांच्या फांद्यांवरून, त्यांपैकी निदान काही मधल्या भागातून, कोवळी पाने घ्यावीत. दुसरा मुद्दा उन्हाचा. तापमान चढले की झाडाच्या पेशींमध्ये विषाणूचे प्रमाण, विशेषतः इलारव्हायरस प्रजातीतील (नेक्रॉटिक रिंगस्पॉट, प्रून ड्वार्फ, ॲपल मोझॅक) विषाणूंचे, झपाट्याने घटते. फुलांच्या पाकळ्या, फुगलेले डोळे आणि वसंतातील पहिली पाने हा सर्वोत्तम नमुना होय. याच झाडाचे जून महिन्यातील जून पान स्वच्छ निघते. जूनमधील 'निगेटिव्ह' अहवालावरून झाड निरोगी आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्या दिवशी त्या पानात विषाणू सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. असा अहवाल मातृवृक्षाच्या नोंदवहीत लावू नये.

पाने धुऊ नयेत. कोरड्या टिश्यू कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत ठेवावीत, पिशवीवर झाडाचा क्रमांक आणि तारीख लिहावी, आणि शीतपेटीतून शक्य तितक्या लवकर पोहोचवावीत. गाडीच्या काचेमागे दिवसभर तापलेली पिशवी उघडली की आतून उकडलेल्या भाजीचा वास येतो. त्या नमुन्यावर पैसे खर्च करण्यात अर्थ नसतो.

चौथी पायरी: एलायझा

झाडे पुष्कळ आणि पैसे मर्यादित असतील, तेव्हा एलायझाला आजही पर्याय नाही. विषाणूच्या प्रथिन कवचाशी जुळणारी प्रतिपिंडे प्लेटच्या तळाला चिकटवलेली असतात, नमुन्यातील विषाणू त्यांना धरतो आणि शेवटी रंग येतो.

आठळीच्या झाडांत अडचण त्यांच्या रसाची आहे. पीचचे पान वाटले की रस काही क्षणांत तपकिरी होतो, कारण त्यात पॉलिफिनॉल्स खच्चून भरलेली असतात आणि ती प्रथिनांना जखडतात. अर्क काढण्याच्या बफरमध्ये पीव्हीपी (पॉलिफिनॉल्सना बांधून ठेवणारे रसायन) घातलेले असावे आणि वाटण्याचे काम थंडाव्यात व्हावे. रस गडद झाला असेल, तर प्लेटवरचा तो खळगा मी मोजतच नाही. प्रत्येक प्लेटवर ज्ञात ग्रस्त आणि ज्ञात निरोगी, असे दोन्ही नमुने हवेत, आणि निरोगी नमुना त्याच फळझाडाचा हवा. निरोगी म्हणून तंबाखूचे पान लावले आणि मग जर्दाळूच्या नैसर्गिक पार्श्वरंगाला 'पॉझिटिव्ह' म्हटले, असे प्रकार होतात. निरोगी नमुन्यांच्या सरासरीच्या दुप्पट किंवा तिप्पट वाचन ही सीमारेषा सर्वसाधारणपणे पाळली जाते. तिच्या आसपास घुटमळणारा नमुना पुढील वसंतात पुन्हा घ्यावा, तो ओढूनताणून कोणत्याही रकान्यात बसवू नये.

एलायझा काय पकडू शकत नाही, हे लक्षात ठेवावे. व्हिरॉइडला प्रथिन कवचच नसते. पीच लेटंट मोझॅक व्हिरॉइड म्हणजे सुमारे 337 न्यूक्लिओटाइडांचे उघडे वर्तुळाकार आरएनए, आणि हॉप स्टंट व्हिरॉइड त्याहूनही लहान, सुमारे 297चा. यांच्यासाठी एलायझा लावणे व्यर्थ आहे. शिवाय ज्या विषाणूची प्रतिपिंडे प्लेटवर नाहीत तो दिसणार नाही, हे उघड असले तरी अहवाल वाचताना विसरले जाते. 'तीन विषाणूंसाठी निगेटिव्ह' या वाक्यातला 'तीन' हा शब्द वाचावा.

पाचवी पायरी: दर्शक झाडे

ही जुनी पद्धत स्वस्त आहे, पण वेळ आणि जागा मागते. संशयित झाडाच्या पाकळ्या किंवा कोवळी पाने थंड बफरमध्ये वाटून तो रस काकडीच्या कोवळ्या बीजदलांवर चोळला, तर इलारव्हायरस असल्यास आधी फिकट ठिपके उमटतात. नेक्रॉटिक रिंगस्पॉटमध्ये पुढे बऱ्याचदा शेंडा मरतो. दर्शक म्हणून वापरल्या जाणाऱ्या वृक्षांमध्ये 'शिरोफुगेन' ही जपानी शोभेची चेरी प्रसिद्ध आहे. तिच्या फांदीवर संशयित डोळा भरावा आणि साधारण महिना-दीड महिन्याने तो काढून खालची साल पाहावी. नेक्रॉटिक रिंगस्पॉट किंवा प्रून ड्वार्फ असेल तर डोळ्याखालचा भाग काळवंडून मेलेला असतो आणि डिंक पाझरलेला असतो. दोघांपैकी कोण, हे मात्र तिच्यावरून ठरत नाही. प्लम पॉक्स, क्लोरॉटिक लीफ स्पॉट आणि इतर अनेकांसाठी 'जीएफ-305' ही पीचची रोपे थंड काचगृहात वापरतात.

ज्या विषाणूचे नावही ठाऊक नाही, त्याचा परिणामही दर्शक झाड दाखवते. प्रतिपिंड किंवा प्रायमर (पीसीआर चाचणीत ठरावीक विषाणूचा तुकडा शोधणारे छोटे जनुकतुकडे) यांना ती सोय नाही, म्हणून मातृवृक्षांच्या प्रमाणीकरणातून ही पद्धत अजून हद्दपार झालेली नाही.

सहावी पायरी: आरटी-पीसीआर

या चाचणीत विषाणूच्या आरएनएचा ठरावीक तुकडा अनेकपट वाढवतात आणि तो जेलवर पट्टीसारखा दिसतो. इथून पुढे काम प्रयोगशाळेचे आहे, पण अहवाल वाचणाऱ्यानेही काही प्रश्न विचारायला हवेत. पहिला प्रश्न: अंतर्गत नियंत्रण चालले का? झाडाच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाची, बहुधा नॅड5ची, पट्टी त्याच अर्कातून येत नसेल, तर विषाणूची पट्टी न येण्याला काडीचाही अर्थ नाही, कारण अर्कातील पॉलिफिनॉल्स आणि शर्करांनी विकरालाच अडवले आहे. अशा वेळी अर्क दहापट पातळ करून पुन्हा चालवावा. पातळ केल्यावर पट्टी उमटली, तर दोष अडथळ्याचा होता. तरीही न उमटल्यास सीटॅब किंवा सिलिका पद्धतीने आरएनए नव्याने काढावा. माझ्या पाहण्यात नव्या प्रयोगशाळांतील 'पीसीआर लागत नाही' या तक्रारीचे मूळ प्रायमरमध्ये क्वचित आणि अर्कात जवळजवळ नेहमी असते.

दुसरा प्रश्न: पट्टीचे अनुक्रमण, म्हणजे तिच्यातील अक्षरक्रमाचे वाचन, केले का? योग्य लांबीची पट्टी दिसली, एवढ्यावर विषाणूची ओळख पक्की होत नाही. निदान पहिल्यांदा सापडलेल्या प्रत्येक विषाणूची पट्टी अनुक्रमित करून पाहावी.

सातवी पायरी: वर्गीकरण, आणि त्याचा बागेत उपयोग

वर्गीकरण म्हणजे परीक्षेपुरते पाठ करायचे कोष्टक, असा समज असतो. प्रत्यक्षात विषाणूचे कुल (फॅमिली) आणि प्रजाती (जीनस) कळली की तो कसा पसरतो आणि म्हणून काय करायचे, याचा निम्मा निर्णय होऊन जातो. महाराष्ट्रातील वाचकांना यांतले बरेच नातेवाईक आधीच परिचित आहेत.

नेक्रॉटिक रिंगस्पॉट, प्रून ड्वार्फ आणि ॲपल मोझॅक हे तिघे ब्रोमोव्हिरिडी कुलातील इलारव्हायरस. त्यांचा जनुकसंच तीन तुकड्यांत विभागलेला असतो. मराठवाड्यात सूर्यफुलावर नेक्रोसिस आणणारा टोबॅको स्ट्रीक विषाणू याच प्रजातीचा, आणि तो गाजरगवताच्या परागकणांतून फुलकिड्यांच्या साहाय्याने पसरतो, हे तिथल्या शेतकऱ्यांनी अनुभवले आहे. बागेतील इलारव्हायरसही परागकणांची वाट धरतात, म्हणून ग्रस्त झाड फुलोऱ्याच्या आधी काढायचे, नंतर नव्हे.

प्लम पॉक्स हा पोटीव्हिरिडी कुलातील पोटीव्हायरस, पपईवरील रिंगस्पॉटचा सख्खा भाऊबंद. मावा त्याला काही सेकंदांच्या टोचणीत उचलतो आणि तितक्याच वेळात पुढच्या झाडाला देतो. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत लागण होऊन गेलेली असते. पपई उत्पादकांना हे वेगळे सांगायला नको. नियंत्रण म्हणजे ग्रस्त झाड शोधून काढणे, दुसरा मार्ग नाही.

लिटल चेरी विषाणू २ हा क्लोस्टेरोव्हिरिडी कुलातील ॲम्पेलोव्हायरस, आणि द्राक्षाच्या लीफरोल रोगाशी निगडित मुख्य विषाणूही त्याच प्रजातीचा. दोन्हींचा वाहक पिठ्या ढेकूण. इथे मात्र कीड नियंत्रणाला खरोखर अर्थ आहे. लिटल चेरी विषाणू १ त्याच कुलात असूनही वेलारीव्हायरस या वेगळ्या प्रजातीत मोडतो. चेरीची तशीच बारीक, बेचव फळे एक्स-डिसीज फायटोप्लाझ्मामुळेही येतात, आणि तो तर विषाणूच नाही. तुडतुड्यांवाटे पसरणारा जिवाणूवर्गीय जीव आहे. लक्षण एक आणि वाहक वेगळे असल्याने चुकीचे निदान झाले की चुकीच्या किडीवर फवारणी होते.

क्लोरॉटिक लीफ स्पॉट हा बीटाफ्लेक्सिव्हिरिडी कुलातील ट्रायकोव्हायरस. प्लमच्या काही जातींत त्याचे काही विभेद (उपप्रकार) फळावर शार्कासारखीच वलये आणतात. त्यामुळे फळावरच्या वलयांवरून 'शार्का' अशी आरोळी ठोकणे धोक्याचे, आणि 'ट्रायकोव्हायरस असेल' म्हणून सोडून देणे त्याहून धोक्याचे.

विषाणूची नवी जाती (स्पीशीज) किंवा नवा विभेद जाहीर करण्याची घाई विद्यार्थ्यांत फार दिसते. जनुकाचा तीनशे-चारशे अक्षरांचा तुकडा जुळवून तो निर्णय होत नाही. पोटीव्हायरसमध्ये वेगळी जाती मानण्यासाठी संपूर्ण वाचनचौकटीतील (प्रथिने घडवणाऱ्या सलग भागातील) न्यूक्लिओटाइड साम्य साधारण 76 टक्क्यांखाली असावे लागते. बीटाफ्लेक्सिव्हिरिडीत कवच किंवा प्रतिकृती जनुकातील साम्य 72 टक्क्यांखाली लागते. विभेदांच्या बाबतीत तर तुकडा सरळ फसवतो. प्लम पॉक्सचा 'रेक' विभेद 'डी' आणि 'एम' यांच्या पुनर्संयोगातून झालेला आहे आणि सांधा एनआयबी जनुकात आहे. केवळ कवच जनुक पाहिले, तर 'रेक' हा 'एम' म्हणून नोंदवला जातो. सांध्याच्या दोन्ही बाजू तपासल्याशिवाय विभेदाचे नाव लिहू नये. तसेच 2021 पासून विषाणू वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीने जातींना द्विनाम पद्धत लागू केली असून, प्लम पॉक्सच्या जातीचे अधिकृत नाव 'पोटीव्हायरस प्लमपॉक्सी' आहे. जुन्या अहवालांशी ताडून पाहताना याने गोंधळ होऊ शकतो.

सबंध आरएनएचे अनुक्रमण आता आवाक्यात आले आहे आणि त्याने एका झाडात तीन-चार विषाणू सहज सापडतात. सापडलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. चेरी विषाणू ए जगभरच्या चेरींमध्ये सुखाने नांदतो आणि बहुधा काही लक्षण दाखवत नाही. म्हणून अनुक्रमणाचा अहवाल आल्यावर पुन्हा पहिल्या पायरीवरील फोटो आणि रंगाची खूण केलेली फांदी यांच्याशी तो ताडून पाहावा.

कुठे थांबावे आणि कुणाला बोलवावे

आठळीवर वलये दिसली, किंवा कोणत्याही चाचणीत प्लम पॉक्सचा संशय आला, तर स्वतः काहीही करू नये. फांदी तोडून कृषी केंद्रात नेऊ नये, मित्राला काडी पाठवू नये, झाड उपटू नये. झाडाला खूण करून, जागच्या जागी फोटो काढून, जवळच्या कृषी वा फलोद्यान विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाला आणि राज्याच्या फलोद्यान खात्याला कळवावे. हा अतिरेक वाटत असेल, तर अमेरिकेचे उदाहरण पाहावे. पेनसिल्व्हेनियात 1999 मध्ये प्लम पॉक्स सापडला, बागाच्या बागा तोडाव्या लागल्या, आणि देश त्यापासून मुक्त झाल्याची घोषणा व्हायला 2019 उजाडले.

परदेशातून आणलेल्या रोपांवर किंवा काड्यांवर लक्षण दिसले, तर विषय वनस्पती विलगीकरणाचा आहे. भारतात त्यासाठी 2003 चा आयात नियमन आदेश लागू आहे आणि तिथे खासगी चाचणीने काम भागत नाही. लपूनछपून आणलेल्या काडीबद्दल कुणी गुपचूप सल्ला विचारला, तर मी तो देत नाही.

रोपवाटिका चालवणाऱ्यांनी मातृवृक्षांबाबत तिसऱ्या पायरीपलीकडे घरगुती निर्णय घेऊ नयेत. सोलनजवळील नौणीचे डॉ. यशवंत सिंह परमार विद्यापीठ, पालमपूरची सीएसआयआर-आयएचबीटी (हिमालयी जैवसंपदा तंत्रज्ञान संस्था) आणि श्रीनगरची आयसीएआर-सीआयटीएच (केंद्रीय समशीतोष्ण फलोद्यान संस्था) या संस्थांमध्ये या पिकांची आणि त्यांच्या रोगांची जाणकार मंडळी आहेत. मौल्यवान जातीचे एकमेव झाड ग्रस्त निघाले, तर उष्णता उपचार आणि शेंड्याच्या सूक्ष्म तुकड्यापासून ऊतिसंवर्धन करून ते विषाणूमुक्त करता येते, पण ते काम अशाच संस्थांचे आहे आणि त्यानंतरही रोपाची पुन्हा पुन्हा तपासणी करावी लागते.

अहवाल येईपर्यंत संशयित झाडावरून डोळकाडी घेऊ नये आणि त्याचे बी खुंटासाठी राखू नये. छाटणी करायचीच असेल तर ते झाड सर्वांत शेवटी घ्यावे आणि कात्री एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून पुसावी, कारण विषाणूंपैकी बहुतेक कात्रीतून जात नसले तरी व्हिरॉइड जातात.